टोकाकडून फुटलेलं अंडं

पेटीत अंडं फुटलं तेव्हा पुंडलिक भात कालवत होता. आवाज तसा मोठा नव्हता, डब्याखाली लवंगी फटाका उडावा एवढाच. पण त्याचा उजवा हात भातातून निघाला आणि समोर कोणी नसताना मुठीत आवळला गेला. ताट उलटलं. मग वास आला. एकवीस दिवस उबेत कुजलेल्या अंड्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही, आणि ज्याने घेतलाय तो पुन्हा जेवायला बसत नाही. कृष्णाबाई, त्याची बायको, पदर नाकाला लावून स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. नवऱ्याची मूठ वळलेली असताना खोलीत शिरायचं नाही, एवढं ती चौतीस वर्षांच्या संसारात शिकली होती. भर दुपारचे दोन वाजले होते. खाली कोणीतरी रिक्षावाल्याशी हिंदीत भांडत होतं आणि तो आवाज पुंडलिकला फार बरा वाटला, कारण निदान दुसरं कोणीतरी चिडलेलं होतं.

पेटी बाहेरच्या खोलीत, टीव्ही होता तिथे ठेवलेली. मासळी भरतात तसला थर्माकोलचा खोका, झाकणाला काच, आत दोन बल्ब, पाण्याची वाटी आणि एका वायरच्या टोकाला सेन्सर. सेन्सरला गार लागलं की बल्ब पेटायचे, ऊब पुरेशी झाली की विझायचे. केबिन रोडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या दिपेशने ती बनवून दिली होती, आणि गेले तीन आठवडे या घरात टीव्हीऐवजी दोन बल्बच बघितले जात होते. अंडी आली थेट नगरकडून, कुरिअरने, भुशात दडपून. बारा अंड्यांतलं एक वाटेतच पिचलं. अकरा उरली ते बरंच झालं, कारण कोंबडीखाली अंडी विषमच ठेवायची ही त्याच्या खारी गावातली रीत. पाठवणाऱ्याने फोनवर बजावलं होतं, ''काका, प्रवासात अंडी हादरतात, आतली हवेची पोकळी सुटते. एक दिवस टोक खाली करून गप ठेवा, मगच पेटीत घाला.'' पुंडलिक हो हो म्हणाला. पण पार्सल आलं तेव्हा खाडीला नुकती भरती लागली होती, आणि अंडी बसवायची ती भरतीला, ओहोटीला बसवली तर पिल्लाचा जीव आतच ओढला जातो, हे तो आईच्या कडेवर असल्यापासून ऐकत आला होता. एक दिवस थांबला असता तरी भरती पुन्हा आली असती. हे काय त्याला कळत नव्हतं? पण थांबणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याने अंडी तशीच, हादऱ्यांसकट, पेटीत घातली.

एवढा आटापिटा होता तो चैत्रातल्या जत्रेसाठी. गावदेवापुढे कोंबडा कापायचा मान त्याच्या घराचा, आणि कोंबडा लागतो तो कापणाऱ्याच्याच छपराखाली अंड्यातून निघालेला. विकतचा देवाला चालत नाही. गावाभोवती इमारती उठल्या, पुंडलिक स्वतःच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आला, कोंबड्या गेल्या, पण मानाची हाव काही गेली नाही. तीन वर्षं त्याने डोंगरीहून कोंबडा आणून घरचा म्हणून कापला. गेल्या जत्रेत देवळाचं बघणाऱ्या महिपतने कोंबड्याची तंगडी उचलून तिच्यातला पोल्ट्रीचा प्लास्टिकचा बिल्ला सगळ्या गावाला दाखवला. ''देवाला फशिवतंस? पुढल्या चैताला घरचा आन. न्हायतर मान कमळाकरच्या घरान जाल, त्याचा हितेश कापील.'' कमळाकर हा पुंडलिकचा धाकटा सख्खा भाऊ, हितेश त्याचा मुलगा. कमळाकर गावठाणातल्या जुन्या घरात राहतो, चालत पाच मिनिटांवर, आणि त्याच्या परसात अजून आठ-दहा कोंबड्या फिरतात. हाकेच्या अंतरावर ताजी अंडी असताना पुंडलिकने ती तीनशे किलोमीटरवरून का मागवली, हे खारीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं.

सातव्या दिवशी त्याने खोलीत अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं होतं. चार नुसतीच पिवळी, रिकामी. दोहोंत लाल कडं. म्हणजे जीव धरला, शिरा फुटल्या, आणि मग जीव गेला आणि रक्त कडेला गोळा झालं. ती सहा घेऊन तो न्हाणीघरात गेला आणि फरशीवर आपटली. शेवटचं त्याने मुठीतच फोडलं. बरं वाटलं. बरं वाटलं याचीच मग त्याला भीती वाटली आणि तो बराच वेळ हात धूत बसला. उरलेल्या पाचांपैकी चारांत शिरांचं जाळं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका धडधडत होता. त्या ठिपक्याकडे बघताना त्याचा अंगठा कवचावर हळूहळू जड होत गेला. थोडं दाबलं की संपलं, एवढं सोपं. असं का वाटावं? ज्या अंड्यासाठी जीव टाकायचा त्याच्याच बाबतीत अंगठ्याला असं का वाटावं? पाचवं अंडं संशयाचं होतं. काढून टाकायला हवं होतं, पण आत काहीतरी हललंसं वाटलं आणि ठेवलं. तेच आज फुटलं होतं.

त्याने झाकण उघडलं आणि तोंडावर भट्टीसारखी झळ आली. सेन्सरचा आकडा बरोबर होता, साडेसदतीस अंश. पण हाताला काही वेगळंच लागत होतं. तपकिरी घाण चारही अंड्यांवर उडाली होती. एकेक पुसून त्याने कानाला लावलं. काल यांच्यातून टकटक ऐकू येत होती. आता पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात नाही, तिसरं तर हातात धरवेना इतकं तापलेलं. चौथं कोपऱ्यात, हवेच्या भोकाशी होतं. त्याला काल सकाळीच चोच लागली होती, पण लागली होती ती टोकाकडून, जिथे हवा नसते तिथून. डोकं रुंद बाजूला असायला हवं. या शहाण्याने पाय तिकडे केले होते. चोचीने पाडलेल्या भोकातून आतलं पातळ कातडं दिसत होतं, वाळून कागदासारखं झालेलं, आणि त्यामागे बारीक चिवचिव. एक जिवंत होतं. एकच. आणि तेही कोंबडाच निघायला हवं. सेन्सर उचलायला म्हणून त्याने तळाचा कापूस सरकवला आणि बोटांना लोखंड लागलं.

तीन बोटं लांब, गंजलेलं, एका बाजूला धार होती याची खूण असलेलं कोयत्याचं टोक. त्याला ते ओळखायला डोळे लागले नाहीत. सेन्सर नेमका त्याच्यावर टेकलेला; तळाशी गार पडलेलं लोखंड त्याला वरची खरी झळ कळू देईना आणि वर बल्ब तीन पिल्लं भाजत राहिले. हा तुकडा घरात आहे हेसुद्धा त्याने विसरायचं ठरवलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी, अशीच जत्रा, देवळापुढे माणूस मावत नव्हतं, कोंबडा बापाच्या काखेत, आणि बाप सगळ्यांदेखत म्हणाला, ''यंदा कमल्या कापील. त्याचा हात हलका हाय.'' तेव्हा पुंडलिक सत्तावीस वर्षांचा होता आणि कोयता आधीच त्याच्या हातात होता. कमळाकर पुढे आला, हसत, जरा लाजत, आणि देवळाच्या उंबऱ्यापाशी बसून त्याने उजवा हात पुढे केला. ''दे.'' पुंडलिकने दिला. दिला तो धारेकडून, वरून खाली, दगडी उंबऱ्यावर टेकलेल्या बोटांवर. दोन बोटं गेली, तर्जनी आणि तिच्या बाजूचं. आवाजसुद्धा झाला नाही. ढोलवाला वाजवतच होता. मग कोणीतरी ओरडलं, ''कोयता सटकला!'' आणि त्या क्षणापासून कोयता सटकलाच. गावाने तेच म्हटलं, बापाने तेच म्हटलं, डॉक्टरसमोर स्वतः कमळाकरने तेच म्हटलं. त्याला रिक्षात घातलं, आणि देवाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून पुंडलिकने त्याच कोयत्याने, न पुसता, कोंबडा कापला. मान राहिला. संध्याकाळी बापाने दगडावर आपटून कोयता मोडला, तोंड फिरवलं आणि मरेपर्यंत तो थोरल्या मुलाशी बोलला नाही. टोक आईने उचललं. आभाळ गडगडलं की अंडी पेंगतात, म्हणजे आतला जीव जातो, त्यावर उपाय म्हणजे टोपलीत लोखंड. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक खुडूक कोंबडीने भावाच्या बोटांवर पडलेल्या लोखंडावर बसून पिल्लं काढली होती, आणि ती पिल्लं मोठी झाली की पुंडलिकने कापली होती.

''ह्या कोनी टाकला?'' त्याने विचारलं. आवाज अगदी शांत होता. कृष्णाबाईला तोच आवाज जास्त भीतीचा.

''मीच टाकला. परवा आभाल गडगडला. सासूबाई टाकायच्या.''

त्याचा हात वर गेला. हातात टोक होतं. ती मागे सरली नाही. ती घाबरली नव्हती असं नाही. पण ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या कपाळावर, केसांच्या रेषेजवळ एक जुनी पांढरी खूण होती. ती कशाची, हे दोघांनाही माहीत होतं आणि त्यालाही घरात एक सोयीचं नाव होतं, कपाटाचं दार. सगळ्यांनाच अशी नावं होती. सटकला. लागलं. पडली. एकतीस वर्षं तो या नावांच्या आडोशाला सुखाने जेवत आला होता. हात वरच राहिला. मारलं असतं तर फार मोकळं वाटलं असतं. अंगातली सगळी झळ त्या एका फटक्यात निघून गेली असती, आणि तीन मेलेली पिल्लं, महिपतचं बोलणं, भरती, ओहोटी सगळं तिच्या डोक्यावर घालून तो रिकामा झाला असता. पेटीतून चिवचिव झाली.

''मारा,'' कृष्णाबाई म्हणाली. ''पन आधी सांगा, त्याला भायेर कोन काढनार? तुमचा हात लागला तं मरल ता.''

त्याचा हात खाली आला.

''भावजींना बोलावते.'' तिने फोन उचलला. त्याची परवानगी तिने मागितली नाही. चौतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

ती बोलत होती तेवढ्यात त्याने अंडं ओल्या फडक्यात घेतलं. काढू आपणच. त्यात काय आहे? नखाने कवचाचा एक कण उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याबरोबर कातडं ताणलं आणि रक्ताचा बारीक थेंब आला, टाचणीच्या डोक्याएवढा. आतली चिवचिव एकदम किंचाळल्यासारखी झाली. पुंडलिकने अंडं पेटीत ठेवलं. त्याला घाम फुटला होता. त्याने आयुष्यात किती कोंबडे कापले, कधी हात अडखळला नाही. मान धरायची, पिसं मागे सारायची, एक झटका, मग धडाची ती वेडी धावपळ आणि माणसांचा हसण्याचा आवाज. रक्त त्याला नवीन नव्हतं. पण हे रक्त बाहेर यायला निघालेल्याचं होतं. भीती वाटली. कशाची? मान जाईल याची, असं तो स्वतःला सांगत होता. आणि दुसरीच एक गोष्ट आठवत होती: लहानपणी मिठागराच्या बांधावरच्या झोपडीत एखादं पिल्लू अंड्यात अडकलं की सगळी बायामाणसं कमल्याला हाक मारायची. आठ-नऊ वर्षांचं पोर, उजव्या तर्जनीचं नख वाढवलेलं, जीभ दातांत धरून खोबरेल लावलेल्या त्या नखाने कातडं असं सोडवायचा की रक्ताचा टिपूस नाही. त्याचा हात हलका होता. बाप खोटं बोलला नव्हता.

कमळाकर दहा मिनिटांत आला. लिफ्ट बंद होती, तो जिने चढून दमला होता. या घरात तो वास्तुशांतीलाही आला नव्हता. वासाने त्याचं नाक आक्रसलं; भाताकडे, उलट्या ताटाकडे, वहिनीच्या तोंडाकडे आणि भावाच्या हातातल्या लोखंडाकडे त्याने ओळीने बघितलं. लोखंडावर नजर जरा जास्त राहिली. पुंडलिकला ते ठेवायला जागा सापडेना. शेवटी त्याने ते टीपॉयवर ठेवलं, पेपराखाली सरकवलं आणि मग पुन्हा काढून वर ठेवलं.

''कदी टोचला?'' कमळाकरने विचारलं.

''काल सकाली. टोकाकरून.''

''आनि रगत कोनी काढला?''

''मीच.''

''तूच,'' कमळाकर म्हणाला. त्यात राग नव्हता. खात्री करून घेतल्यासारखं होतं.

त्याने खाली बैठक मारली, डाव्या हातात अंडं घेतलं, खिडकीकडे धरलं, कृष्णाबाईकडून खोबरेल आणि कोमट पाणी मागून घेतलं. एक वाटी तेल, कापसाचा बोळा. वाळलेल्या कातड्यावर तेल लागलं तसं ते पारदर्शक झालं आणि आतल्या लाल रेषा दिसल्या, एकदोनच, फिक्या. ''शोसून घेतलान रगत. झाला त्याचा. आथा काढला तं चालल.'' मग त्याने सवयीने उजवा हात पुढे केला आणि तो हात अंड्यापाशी येऊन थांबला. अंगठा, मग दोन गुळगुळीत गाठी, मग दोन बोटं. एकतीस वर्षांत हा हात पुंडलिकने इतक्या जवळून बघितला नव्हता. लग्नात, मयतात, देवळात त्याची नजर नेमकी त्याच्या बाजूने निघून जायची. आता तो हात त्याच्या गुडघ्यापासून वीतभर होता आणि बघण्यावाचून सुटका नव्हती.

''डाव्याला अक्कल न्हाय,'' कमळाकर म्हणाला. ''बोट दे तुजा.''

''काय?''

''बोट. नखाचा.''

पुंडलिकने तर्जनी पुढे केली. कमळाकरने ती आपल्या उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात पकडली, तेलात बुडवली आणि पेन धरावं तशी अंड्याला लावली. पकड विलक्षण घट्ट होती. दोन बोटांत चार बोटांचं बळ आलं होतं, यायलाच हवं होतं. ''दाबू नको. मी नेतंय तिकरं ये. आनि सटकू देव नको.'' शेवटचं वाक्य त्याने अगदी कामातलं म्हणून सांगितलं, पण दाराशी उभ्या कृष्णाबाईने श्वास आत घेतलेला पुंडलिकला ऐकू आला.

नख कातड्याखाली गेलं. त्याच्या बोटाला पिल्लाच्या चोचीचं हाड लागलं, मग काहीतरी ओलं, मऊ, आणि त्या मऊ जागेत ठोके. आणि तेव्हा त्याला कळलं की आता सगळं याच्या हातात आहे. यानं जरासं दाबलं की पिल्लू गेलं. चैत्रात मान याच्या घरात, हितेशच्या हातात कोयता, आणि कोणी काही म्हणणार नाही. बोट सटकलं म्हणतील. किंवा बोटच मागे वाकवलं तर? पेरं कटकन मोडेल. पुंडलिकच्या जागी कमळाकर असता आणि कमळाकरच्या जागी पुंडलिक, तर पुंडलिकने मोडलं असतं. दहा मिनिटांपूर्वीच मोडलं असतं. हे त्याला स्वच्छ दिसलं. कमळाकरची पकड आणखी आवळली. पुंडलिकचं बोट दुखायला लागलं, टोक पांढरं पडलं, आणि त्याला वाटलं, करतोय. आता करतोय. त्याने हात ओढून घेतला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्यावर येणारा घाव चुकवावासा वाटला नाही.

''मोरायचा असल तं मोर,'' तो म्हणाला.

कमळाकरने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की वासाने झोंबलं होतं, सांगता येत नव्हतं. ''आधी ह्या होवदे,'' तो म्हणाला आणि पुन्हा अंड्याकडे वळला.

कटकन काहीतरी मोडलं. पुंडलिकने डोळे मिटले. उघडले तेव्हा बोट सरळ होतं आणि कवच मधोमध तडकलं होतं. आतल्याने मान ताणून लाथ मारली होती. एवढंसं, चिकट, ओलं, मान टाकलेलं पिल्लू अर्ध्या कवचातून फडक्यावर घरंगळलं आणि निपचित पडलं. कोणी हललं नाही. मग त्याच्या बरगड्या फुगल्या. पुन्हा फुगल्या. एक पाय झाडला गेला, आणि त्याने तोंड उघडून असा गलका केला की खालच्या मजल्यावरही ऐकू जावा. कृष्णाबाई रडायला लागली. पुंडलिकच्या छातीत काहीतरी सुटलं. त्याला आनंद झाला आणि आनंदाच्या बरोबर मागे त्या पिल्लाची मान चैत्रात आपल्या मुठीत असेल हे दिसलं, आणि ते दिसणं त्याला सहन होईना. आजपर्यंत ते सहन होत होतं याचंच त्याला आश्चर्य वाटलं. काहीतरी द्यायला हवं होतं. जवळ द्यायला एकच वस्तू होती, तीच, जिच्यासाठी त्याने सगळं केलं होतं.

''कमल्या,'' तो म्हणाला. ''चैताला हितेश नको, मी नको. तू काप. कोयता तू धर.''

कमळाकरने डाव्या हाताने पिल्लावर फडक्याचं टोक ओढलं. मग त्याने उजवा हात उचलला, पुंडलिकच्या बोटासकट, आणि दोघांच्या मध्ये उजेडात धरला. तेलाने त्या दोन गाठी चमकत होत्या.

''कंच्या हातान धरू, दादा?''

पेटीचं झाकण उघडंच होतं आणि दोन्ही बल्ब पेटलेले होते. पुंडलिकचं बोट अजून त्याच हातात होतं. त्याने ते सोडवून घेतलं नाही.